एक जोडवं आणि चार विनोद

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई ३४ वर्षांच्या, भंडारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतात. घरची दोन एकर धानाची शेती. सहा वर्षांपूर्वी रोवणीच्या दिवसांत त्या बांधीवर डबा घेऊन गेल्या होत्या. चिखलणीचा ट्रॅक्टर मागे आला, पाय घसरला आणि रोटाव्हेटरमध्ये सापडला. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आता जयपूर फूट लावून चालतात, घरचं आणि शेतातलंही बरंचसं काम करतात. तीन वर्षांपूर्वी बचत गटाच्या मेळाव्यात अनुभव सांगायला उभ्या राहिल्या आणि पायावरून असे किस्से सांगितले की मांडव हसून लोळला. तेव्हापासून महिला मेळावे, शाळा, दुर्गा मंडळं अशी तालुकाभरातून बोलावणी येतात. यंदा पूर्व विदर्भातल्या एका झाडीपट्टी नाटक मंडळीनं पंधरा मिनिटांचा विनोदी प्रवेश देऊ केला आहे. भूमिका 'लंगड्या भिकारणी'ची. सासूबाई म्हणतात, "पाय गेला तं गेला, आता लाज बी बजारात इकाले काढली." नवरा काही बोलत नाही, मोटारसायकलवर नेऊन सोडतो आणि संपेपर्यंत मागे उभा राहतो. सातवीतला मुलगा म्हणाला, "आई, तू माह्या शाळेत नोको येऊ." आणि गेल्या महिन्यात एका कार्यक्रमातून एक हात नसलेली कॉलेजातली मुलगी मधेच उठून गेली. नंतर गाठून म्हणाली, "तुमी हसवता, अन् मंग लोकं आमाले हसतेत." ताईंचा प्रश्न: मी हे थांबवू का? लोक माझ्यासोबत हसतात की मला हसतात, हे ओळखायचं कसं? शेवटी एक ओळ बारीक अक्षरात आहे. रात्री नसलेल्या पायाची बोटं दुखतात, पण त्या कुणाला सांगत नाहीत, कारण सगळ्यांना हसवणाऱ्या बाईनं कण्हायचं कसं?

ताई,

तुमचं पत्र पाच पानांचं, त्यातली साडेतीन पानं मी हसत वाचली हे आधी कबूल करते. कुत्र्याच्या किश्श्याला तर चहाचा ठसका लागला. पांदणीत कुत्रं अंगावर आलं, त्यानं नेमका नकली पाय धरला, आणि तुम्ही आरडाओरडा न करता उभ्या राहून त्याला म्हणालात, "चाव बाप्पा, दमला का सांग."

मग चौथ्या पानावर ती मुलगी आली आणि माझं हसू तिथेच राहिलं. मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी तुम्ही नेमकं कशाकशावर हसवता ते बघत.

सोबत हसतात की मला हसतात, हा प्रश्न मला फारसा कामाचा वाटत नाही. मंचावरून तीनशे चेहरे दिसतात, मनं दिसत नाहीत. एकाच सतरंजीवर एक बाई तुमच्या हजरजबाबीपणाला हसत असते आणि तिच्या शेजारची 'बरं झालं, माझ्यावर नाही आलं' म्हणून हसत असते. तुम्ही कुणाकुणाच्या पोटात शिरून बघणार? विनोदाचा दगड कुणाच्या दिशेनं भिरकावला, एवढं मात्र तुम्हाला तपासता येतं. तर तुमचेच विनोद घेऊ.

कुत्र्याच्या विनोदात फजिती कुत्र्याची होते. तुम्ही जागच्या हलतसुद्धा नाही. त्याबद्दल आणखी काही बोलायची गरज नाही, तो चोख आहे.

जोडव्याचा विनोद त्याहून खोल आहे. डाव्या पायातलं जोडवं डब्यात गेलं, उजव्यात एकच उरलं, त्यावर तुम्ही म्हणता, "आता लग्न बी अर्धंच, म्हून सैपाक बी अर्धाच." बायका इथे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात असं तुम्ही लिहिलंय. माझा विश्वास बसतो. त्या तुमच्या पायाला हसत नाहीत. बाईचं सौभाग्य तिच्या पायाच्या बोटांवर मोजणाऱ्या रीतीला हसतात, आणि एरवी त्या रीतीला हसायची सोय त्यांना कुठेच नसते. हा विनोद सोडू नका.

तिसरी ती नक्कल. 'लंगडी घोडी' म्हणत तुम्ही मंचभर उड्या मारता, पडता, उठता, पुन्हा पडता. "इथं सगळ्यात जास्त टाळ्या पडतात," असं लिहिलंय. पडणारच. पडलेल्या माणसाला हसायला डोकं लागत नाही. इथे कुत्रं नाही, रीत नाही, हसायला समोर आहे फक्त एक शरीर आणि गावानं अशा शरीराला पिढ्यान्‌पिढ्या दिलेलं नाव. ती मुलगी कोणत्या विनोदाला उठली ते तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्हाला आठवत असेल.

आणि चौथा विनोद तुम्ही मंचावर कधी केलेलाच नाही, पत्रात जाता जाता लिहून गेलात. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी दरवेळी बोलावतात, लुगडं वर करून पाय दाखवायला लावतात, "जसा काही मधात उगवला असंल. पाय हाय का पऱ्हं?" ताई, हा तुमच्या झोळीतला सगळ्यात भारी माल आहे आणि तुम्ही तो घरी ठेवून जाता! पऱ्हं म्हणजे धानाची रोपं, हे धान लावणाऱ्या मांडवाला सांगावं लागत नाही. शिवाय दगड नेमका जिथे पडायला हवा तिथे पडतो. हसू ओसरलं की त्याच्याच शेपटीला जोडून सांगा: कायमच्या अपंगत्वाचं प्रमाणपत्र कायमस्वरूपी मिळतं, कापलेल्या पायासाठी ते दरवेळी नव्यानं काढावं लागत नाही. मांडवात बसलेल्या दहा घरांना तरी ते उपयोगी पडेल.

माझे एक मामा जिनात कामाला होते. कापसाच्या यंत्रात उजवा हात कोपरापासून गेला. लग्नकार्यात कुणी हात जोडले की ते डावा हात छातीशी नेऊन म्हणायचे, "अर्धा नमस्कार घ्या, उरलेला जिनवाल्याकडे जमा आहे." लोक हसायचे, आणि हसता हसता त्यांना आठवायचं की या माणसाला भरपाई म्हणून दमडीही मिळालेली नाही. मामांनी जन्मात भाषण केलं नाही, पण त्या एका वाक्यानं जिनवाल्याला कुठल्याच मांडवात सुखानं जेवू दिलं नाही. त्यांच्या दोन्ही मुलींना मात्र हा विनोद अजिबात आवडायचा नाही, हेही सांगायला हवं. त्या उठून आत जायच्या.

"आपल्यात असं कोणी करत नाही," असं तुम्ही लिहिलंय. करतात, पण वेगळ्या तऱ्हेनं. एकनाथांच्या भारुडांत आंधळा आहे, पांगळा आहे, मुका आहे. गंमत अशी की पांगळ्याचं सोंग आणणारा सहसा दोन्ही पायांनी धड असतो, आणि तिथलं पांगळेपणही पायाचं नसतं, वाट चुकलेल्या जिवाचं असतं. सोळाव्या शतकापासून हे सोंग धडधाकट माणसं आणत आली. तुम्ही उभ्या राहता तेव्हा सोंग नसतं. म्हणूनच पहिल्या वाक्याला मांडव क्षणभर गप्प होतो आणि मग फुटतो. ती क्षणभराची शांतता तुमची कमाई आहे, तिला घाबरून लगेच उड्या मारायला लागू नका. मला वाटतं, 'लंगडी घोडी' तिथूनच आली असावी.

आणि गाडगेबाबा तर आपल्या अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात गाडगं. बघणाऱ्याला आधी हसूच यावं असा वेश. मग कीर्तनात ते प्रश्नावर प्रश्न विचारायचे आणि ते हसू हळूहळू ऐकणाऱ्यांवरच वळायचं: कर्ज काढून तेरवी घालणाऱ्यावर, देवापुढे बकरं कापणाऱ्यावर. स्वतःच्या वेशाला हसवून घेणं ही त्यांची सुरुवात होती, शेवट नव्हता. तुमच्या कार्यक्रमात पाय शेवटपर्यंत पुरतो. तिथे मला थोडं अडखळायला होतं.

आता त्या मुलीकडे येऊ. 'माझा पाय, माझा विनोद' हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे, घराच्या ओट्यावर. मंचावर ते तितकं सोपं राहत नाही. गावात अपंग माणसं असतात दोन-चार. तुम्ही 'लंगडी' शब्दावर टाळ्या घेऊन निघून येता, आणि दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर तोच शब्द तिला ऐकावा लागतो, तेव्हा तिच्या हातात माइक नसतो. म्हणून तुम्ही तोंड शिवून बसावं असं मी म्हणत नाही. पण शब्द निवडताना ती समोर बसली आहे असं धरून चला. सरकारी कागदावरचा 'दिव्यांग' शब्द मला स्वतःला फार सोवळा वाटतो, तो वापराच असाही आग्रह नाही. 'एका पायाची बाई' म्हणा. सरळ आहे आणि त्यात ठेकाही आहे.

तिला भेटायला जा, पण मंचावर बोलावून माफी-बिफी मागू नका. तो तिच्यासाठी दुसरा तमाशा होईल. घरी जा, चहा घ्या, आणि एकही विनोद न करता ऐका. तिचा हात कधी गेला, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्या पायाला सहा वर्षं झाली. पहिल्या वर्षी कुणी तुमच्यासमोर कुत्र्याचा किस्सा सांगितला असता तर तुम्ही हसला असता का? हसायचं की नाही, आणि कधीपासून, हे ज्याचं त्यानं ठरवावं. कुणी 'बघ, ती ताई कशी हसते, तूपण हस' म्हणायला लागलं तर तुमचा विनोद तिच्या डोक्यावर ओझं झाला म्हणून समजा.

एक गोष्ट तिच्यासाठी आणि तुमच्यासाठीही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ९२ आहे. चारचौघांत अपंग व्यक्तीला मुद्दाम, अपमान करायच्या हेतूनं बोललं तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. प्रत्येक टोमण्याला पोलिसांत जा असं नाही. पण बसस्टँडवरच्या टोळक्याला हे कलम ठाऊक आहे असं सहज म्हणून बघा, भाषा बदलते.

सासूबाईंचं वाक्य झोंबणारं आहे, खरं. पण तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर एक ओळ आहे, तुम्ही ती लिहून पुढे निघून गेलात: "त्या दिवशी मी जाणार नव्हते, सासूबाईंनी डबा देऊन पाठवलं." ताई, सहा वर्षं त्या घरात ही ओळ कुणी मोठ्यानं उच्चारली आहे का? तुम्ही धरून चालला आहात की त्यांना लाज वाटते. असेलही. आपल्याकडे रात्रीच्या मंचावर उभ्या राहणाऱ्या बाईबद्दल जे बोललं जातं ते त्यांनी आयुष्यभर ऐकलंय. पण मला असंही वाटतं की प्रत्येक वेळी मांडव हसतो तेव्हा त्यांना तो डबा आठवतो. त्यांनी हातात दिलेला. लाजेचं बोलणं कधी कधी सोपं पडतं, अपराधाचं जिभेवर येत नाही.

माझा अंदाज चुकीचाही असू शकतो. विचारून बघा. कधी दुपारी दोघीच असताना म्हणा, "माय, त्या दिवशीचं तुम्ही कधी सांगितलंच नाही." आणि मग थांबा. त्या रडतील, चिडतील किंवा उठून गोठ्यात जातील. गेल्या तरी चालेल, विषय निघाला एवढं पुरे. आणि हे बोलणं होईपर्यंत डबा आणि सासू या दोन गोष्टी मंचावर आणू नका. जोडव्याचा विनोद त्या समोर असतील तेव्हा त्यांच्या कानावर आधी घालून करा.

मुलाचं सोपं आहे. त्या वयात आई शाळेत आली, नुसती आली तरी पोरांना भुईत जावंसं वाटतं. दोन पायांच्या आयाही यातून सुटत नाहीत. त्याची शाळा वगळा. बाकी तालुका पडलाय. मामेबहिणींबद्दल वर लिहिलं ते याचसाठी. मामांनी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. तुमच्या मुलानं न विचारता तोंडावर सांगितलं, ही मोठी गोष्ट आहे. त्याला कुणी चिडवत असेल तर वर्गशिक्षकांशी बोला, त्याच्या नकळत नको. नवऱ्याच्या गप्प बसण्याचा अर्थ मी लावत बसणार नाही. जो माणूस आणून सोडतो आणि शेवटपर्यंत मागे उभा राहतो, त्याला विरोधक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नाटकाचं बघू. झाडीपट्टीच्या मंचावर जायला मिळणं लहान गोष्ट नाही. दिवाळी झाली की नाटक मंडळ्यांचं वडसा गजबजतं, गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, लोक रात्रभर थंडीत बसून नाटक बघतात आणि पहाटे थेट शेतावर जातात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. सासूबाईंना हे सांगून बघा, 'नाटकवाले' या शब्दाची चव थोडी बदलेल. तेव्हा जा, असंच मी म्हणेन. पण लंगडी भिकारीण होऊन जाऊ नका. त्यांना विनोदी नट हवाय की नकली पायाऐवजी खरा पाय हवाय, हे विचारा. दुसरं असेल तर सोडून द्या. पहिलं असेल तर सांगा, मी सावकारीण करते, सरपंचबाई करते, खाष्ट विहीण करते. तिला एक पाय कमी आहे, आणि त्यावर बोलायची हिंमत गावात कुणाला नाही, एवढं पुरेल. कल्पना करा, सावकारीण हप्ता वसूल करायला आली आहे आणि कुळ म्हणतंय, "पाय धरतो माय," आणि ती म्हणते, "कोणता धरतो?" पुढचं तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं लिहाल. आपला प्रवेश आपण लिहायचा, ही अट घालाच.

दुसरी अट वेळेची. नाटक रात्रभर चालतं, तुमचा प्रवेश आधीच्या अंकात मागून घ्या. सकाळी नीट बसलेलं सॉकेट, म्हणजे उरलेला पाय जिथे बसतो ती नकली पायाची खोबण, रात्रीपर्यंत सैल पडतं, कारण उरलेल्या पायाचा आकार दिवसभरात बदलतो. जादा सुती मोजे पिशवीत ठेवा, प्रयोगाच्या आधी दोन तास पाय काढून आराम द्या, नंतर साबणानं धुऊन पूर्ण कोरडा करा. त्वचेवर लाल डाग उठला आणि तो लवकर गेला नाही तर त्या दिवशी पाय लावायचा नाही, मग मंडळीनं कितीही गळ घातली तरी. मंच तात्पुरता असतो, फळ्यांच्या सांध्यात पाय अडकतो. दिवसाउजेडी एकदा चढून, चालून बघा. माइकची वायर कुठून जाते ते बघा. पायरीला धरायला बांबू बांधून मागा. यात संकोच कसला? नटाला पडदा लागतो तसा तुम्हाला बांबू लागतो.

तिसरी अट पैशाची. आजवर तुम्हाला शाल आणि नारळ मिळाले. पत्रात तुम्ही लिहिलंय की घरात आता अकरा शाली झाल्या आणि पांघरायला माणसं चारच. हाही मंचावर करायच्या लायकीचा विनोद आहे, आयोजक पुढच्या रांगेत असताना. वरोऱ्याच्या आनंदवनातला 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद बघितलाय का? अपंग, अंध, कुष्ठमुक्त कलाकार राज्यभर कार्यक्रम करतात, आणि लोक गाणं ऐकायला येतात. जाण्या-येण्याचं भाडं आणि मानधन आधी ठरवून घ्या. गावच्या शाळेला फुकट जायचं असेल तर जा, पण ते तुम्ही ठरवून.

शाळांवरून आठवलं. सूत्रसंचालक तुमची ओळख 'प्रेरणादायी' म्हणून करून देतात आणि शेवटी मुलांना म्हणतात, "बघा, एक पाय नसताना त्या इतकं करतात, तुम्हाला दोन आहेत!" हे ऐकून माझं डोकं फिरतं. मुलांनी अभ्यास करावा म्हणून तुमचा पाय गेला नव्हता. एका शाळेत तुमच्या ओळखीत अष्टावक्राची गोष्टही सांगितली म्हणे. जनकाची सभा त्याच्या वाकड्या अंगाला हसली, तर तो त्यांना चामड्याची पारख करणारे म्हणाला आणि जिंकला. लहानपणी मलाही ती आवडायची. आता वाटतं, स्वतःची अब्रू वाचवायला त्यानं दुसऱ्याच कुणाच्या तरी कामधंद्याला शिवी बनवलं. हाच तो दगड, भलत्याच अंगावर पडलेला.

मुलांना सांगायला तुमच्याकडे याहून चांगली गोष्ट आहे, ती तुम्ही रोज बांधून चालता. परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय बुटात घालायचा असायचा. आपल्या शेतकऱ्याला अनवाणी चालायचं, उकिडवं बसायचं, चिखलात उतरायचं. तो पाय कोपऱ्यात पडून राही. १९६८ च्या सुमाराला जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर, शाळा जेमतेम चौथीपर्यंत, आणि डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनी मिळून रबराचा पाय घडवला. शर्मांची सायकल पंक्चर झाली आणि दुकानात ट्रकच्या टायरवर रबर चढवताना बघून त्यांना रबराची युक्ती सुचली, असं सांगतात. १९७५ मध्ये जयपुरात संस्था निघाली आणि हे पाय फुकट बसवले जाऊ लागले. चौथी शिकलेल्या कारागिराची आणि पंक्चरच्या दुकानात सुचलेल्या पायाची गोष्ट तुमच्या तोंडून ऐकायला मी पैसे देऊन येईन.

सुधा चंद्रन यांचं नाव तुम्ही घेतलंय. १९८१ मध्ये अपघात, उजवा पाय गेला, १९८४ मध्ये त्या जयपूर फूट लावून पुन्हा मंचावर नाचल्या. लोकांना पाय आठवतो, पण त्याआधीची लहानपणापासूनची तालीम कुणी आठवत नाही. तुमचीही तालीम आहे, कुत्र्याच्या किश्श्यात तुम्ही 'बाप्पा'नंतर जी थांबता ती. ती वाढवा. पायाशिवायचे दहा किस्से तयार करा: रेशनचं दुकान, गटाचा हप्ता, विहीण. महिनाभरानं एखादा कार्यक्रम असा करून बघा की पायाचा उल्लेख पहिल्या दहा मिनिटांत येणारच नाही.

आणि हसवून झाल्यावर दोन मिनिटं, अगदी दोनच, कामाचं बोला. चालू रोटाव्हेटरच्या मागे कुणी उभं राहू नये. ट्रॅक्टर मागे घेण्याआधी चालकानं रोटाव्हेटर बंद करावा. ओढणी-पदर खोचलेला असावा. आणि शेतकरी कुटुंबात असा अपघात झालाच तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून एक हात किंवा पाय गेल्यास १ लाख, दोन गेल्यास किंवा मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्या घरातल्या एका सदस्यालाही. अर्ज तालुका कृषी कार्यालयात, तीस दिवसांच्या आत. दवाखान्याच्या धावपळीत हे तीस दिवस कसे जातात ते तुमच्याइतकं कुणाला कळणार?

उरलं ते बारीक अक्षरातलं.

नसलेल्या पायाची बोटं दुखतात हे वेड नाही, ढोंग नाही. पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा तशीच राहते आणि तिथून दुखणं येतं. १८७१ मध्ये मिचेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांच्या या दुखण्याला नाव दिलं. पाय कापलेल्या बहुतेकांना तो पाय काही ना काही जाणवत राहतोच. तेव्हा आधी डॉक्टरांना सांगा. कधी सॉकेटची जखम किंवा कापलेल्या टोकाशी सुजलेली नस असते, तेही बघायला हवं. नसांच्या दुखण्यावर औषधं आहेत. १९९० च्या दशकात रामचंद्रन या मेंदूतज्ज्ञांनी आरशाचा उपाय पुढे आणला: दोन पायांच्या मधे आरसा असा धरायचा की उजव्या पायाचं प्रतिबिंब डाव्याच्या जागी दिसेल, आणि मग उजव्याची बोटं हळूहळू उघडायची, मिटायची. काहींना आराम पडतो, काहींना नाही. जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या, मग घरच्या आरशावर करता येतं.

तुम्ही कुणापुढे तरी कण्हत जा. तो मोटारसायकलवाला आहे, मैत्रीण आहे, कदाचित ती मुलगीही. दिवस दिवस मन उतरलेलंच राहिलं, झोप उडाली, तर १४४१६ या टेलि-मानसच्या सरकारी नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. हा नंबर तुमच्यासारखं पत्र लिहायला बसून अर्ध्यावर थांबलेल्या इतरांसाठीही आहे.

थांबवू का, असं विचारलंत. 'लंगडी घोडी' थांबवा. बाकी चालू द्या.

आणि त्या कुत्र्याचं पुढे काय झालं, ते पत्रात राहूनच गेलं. कळवा.